पिकअपला काय लावावं, काय लावू नये : नाशिकची काळी माती, घाट आणि फरश्या

हौदा_१५
बोलेरो पिकअप, कॅम्पर, योद्धा, व्ही-क्रॉस, हायलक्स, ज्याच्याकडे हौद्याची गाडी आहे त्याच्यासाठी हा धागा. विनंती एकच, "भारी दिसते राव" याच्या पुढचं लिहा. माप काय, कशासाठी लावलं आणि त्यामुळे दुसरं काय बिघडतं, ते हवं.

सुरुवात टायरपासून, कारण पहिला पैसा तिथेच जायला पाहिजे. जुन्या २.५ लिटर व्ही-क्रॉसला २५५/६५ आर१७ टायर येतो, व्यास साधारण ७६३ मिमी. २६५/६५ आर१७ घातला तर ७७६ मिमी होतो, म्हणजे फरक पावणेदोन टक्के, काहीच त्रास नाही. २६५/७० आर१७ घातला की ८०३ मिमी, फरक सव्वापाच टक्के. गाडी ४० मिमी उंच झाली असं वाटतं, पण जमिनीपासूनची उंची व्यासाच्या निम्मीच वाढते, म्हणजे २० मिमी. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६३ ला असते. गियरही तेवढेच जड होतात, कसारा चढताना एक गियर आधीच खाली यावं लागतं. शिवाय पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर मागच्या बाजूने मडगार्डच्या अस्तराला घासतो. कोरड्यात नुसता आवाज येतो. चिखलात त्या फटीत माती दाबून बसते आणि एबीएस सेन्सरची वायर तुटते.

पाटेवाला_सिन्नर
मालवाहू पिकअपवाल्यांनी याच्याही आधी लोड इंडेक्स बघा. एसयूव्हीचा जाड खाचांचा ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांचा) टायर देखणा असतो, पण त्यावर ११० लिहिलं असेल तर एका टायरची क्षमता १०६० किलो. १३०० किलो माल भरल्यावर मागच्या एक्सलवर गाडीच्या वजनासकट दोन टनांच्या आसपास येतं, म्हणजे टायर हद्दीवरच चालला. वर उन्हाळ्यात राहूड घाट! पिकअपला एलटी (लाइट ट्रक) लिहिलेलाच टायर घ्या आणि हवा दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. भरल्या गाडीला मागे ५५-६५ पाउंड लागतात. कारच्या सवयीने ३५ ठेवले की टायर फुगत नाही, बाजू चुरगळत राहते आणि तापून फुटते.

बाग_निफाड
माझा प्रश्न साधा आहे. टू-व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस आला की बांधावरच्या रस्त्यात गाडी रुतते. रिकामी असताना जास्त. मिस्त्री म्हणतो पाटे (मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वाढव, गाडी उचल. उपयोग होईल का?

पाटेवाला_सिन्नर
नाही होणार, भाऊ. गाडी उंचीला कमी पडत नाही, मागच्या चाकांवर वजन कमी पडतंय. रिकाम्या पिकअपचं इंजिन, केबिन सगळं पुढे असतं, मागची चाकं नुसती गरगरतात. पाटा वाढवला तर मागची बाजू आणखी कडक होईल आणि खड्ड्यात चाक जमीन सोडेल.

हे करा :
वाळूने भरलेल्या चार-पाच गोण्या, प्रत्येकी ५० किलो, एक्सलच्या बरोबर वर किंवा थोड्या पुढे. फाळक्याजवळ ठेवू नका, पुढची बाजू हलकी होऊन स्टिअरिंग हाताला लागत नाही. गोण्या रॅचेट पट्ट्याने बांधा. ब्रेक मारल्यावर ५० किलोची गोणी केबिनच्या काचेतून आत येऊ शकते.

एकच चाक फिरतंय आणि दुसरं गप्प उभं आहे, तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि हलक्या रेसवर सोडत जा. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो. मोकळ्या चाकाला जोर लागत नाही म्हणून पकड असलेल्यालाही मिळत नाही. ब्रेकने मोकळ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याकडे जोर पोचतो. अर्ध्या मिनिटाच्या वर करू नका, ड्रम तापतो.

मागच्या लोखंडी रिमच्या भोकांतून १२ मिमीचा नायलॉन दोर टायरभोवती तीन-चार ठिकाणी आवळून बांधा, गाठ रिमच्या बाहेरच्या बाजूला. आत ब्रेकचा पाइप मोकळा राहतोय का, चाक हाताने फिरवून बघा. डांबरीवर आलात की लगेच काढा.

चिखलवाट
यात हवा कमी करणं राहिलं की! १८ पाउंडावर आणा, टायर पसरतो, गाडी तरंगते. वाळूत हेच करतात.

पाटेवाला_सिन्नर
वाळूत करतात, दादा. काळ्या मातीचं गणित वेगळं आहे. वाळूत टायर पसरला की कण खाली दाबले जाऊन आधार मिळतो. काळी माती चिकण, ती पसरट टायरच्या खाचा भरून टाकते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. वरचे दोन-तीन इंच ओले आणि खाली घट्ट असेल तर अरुंद टायर, २८-३० पाउंड. तो वरचा थर कापून खालच्या घट्ट जागेवर पोचतो. ट्रॅक्टरची पुढची चाकं बारीक का असतात, बघा.

चिखलवाट
आणि खाली घट्ट नसेलच तर? गोदाकाठच्या खोल जमिनीत पहिला मुरूम लागेपर्यंत माणूस बुडेल.

पाटेवाला_सिन्नर
तर तुमचं बरोबर. सगळीच भिजलेली असेल तर १८-२० पाउंड, दुसरा गियर आणि न थांबता एकसारखी चाल. पण ट्यूबलेसला १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरतो. आणि खरं सांगायचं तर अशा जमिनीत पिकअप घालायचीच नाही. आधी तपासा. पहार उभी धरून फक्त तिच्या वजनाने सोडा. वीतभर गेली तर जाता येईल. हातभर गेली तर माल डोक्यावर आणा. दुसरी खूण, मूठभर माती दोन तळव्यांत वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वळकटी होऊनही तुटत नसेल तर ती टायरला पण अशीच वेढणार.

घाटमाथा_इगतपुरी
हे सगळं देशाकडचं झालं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे वर्षाला दोन ते तीन हजार मिमी पाऊस, माती तांबडी, खाली कातळ. इथे रुतण्यापेक्षा घसरण्याचा धोका मोठा. शेवाळलेल्या काळ्या कातळावर मड-टेरेन (खास चिखलाचा) टायर ऑल-टेरेनपेक्षा वाईट चालतो, कारण त्याचे ठोकळे मोठे, कडक आणि दगडाला टेकणारं रबर कमी. २२-२५ पाउंड, पहिला गियर किंवा फोर लो (चारही चाकांना जोर, कमी वेगाचा गियर), आणि रेस अजिबात नाही. उतारावर क्लच दाबला की गाडी गेलीच. स्टिअरिंगच्या आत अंगठा अडकवू नका, दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं.

फोर-व्हीलवाल्यांसाठी : फोर हाय फक्त सैल किंवा ओल्या जमिनीवर. कोरड्या डांबरीवर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल नसतं, सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर) येतो. लिव्हर अडकून बसला तर जोर लावू नका. सरळ रेषेत दोन-चार मीटर मागे घ्या, सुटतो.

हौदा_१५
आता ज्यांना गाडी उचलायचीच आहे त्यांच्यासाठी. पाटेवाले दादा, तुम्हीच लिहा.

पाटेवाला_सिन्नर
लिहितो, सावकाश वाचा.

मागे एक पाटा वाढवला तर रिकाम्या गाडीला साधारण २५ ते ४० मिमी उंची मिळते. नवीन पाटा लांबीच्या क्रमाने मधे बसतो, कुठेही खुपसायचा नाही. सेंटर बोल्ट नवा आणि लांब लागतो. यू-बोल्टही नवेच. जुना यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो, पुन्हा आवळला की आटे सरकतात. चारही नट आलटून-पालटून, तिरपे, टॉर्क पान्ह्याने, गाडी जमिनीवर उभी असताना आवळायचे. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर पाटे पसरल्यावर सगळं ढिलं. ४००-५०० किमीनंतर पुन्हा आवळा. हे राहिलं की पाटा हलतो, सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल एका बाजूने मागे सरकतो. गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालताना दिसते ना, ती हीच.

पाट्यांत ग्रीस भरू नका. ग्रीसला माती चिकटते आणि त्याचा घासकागद होतो. ग्रॅफाइट चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं. ज्या गाडीला मागच्या ब्रेकवर एलएसपीव्ही, म्हणजे मालाच्या वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह, आहे (चासी आणि हाऊसिंग, म्हणजे मागच्या एक्सलचं कवच, यांना जोडणारी बारीक काडी आणि स्प्रिंग दिसते), तिथे गाडी उचलल्यावर ती काडी उचलीइतकीच लांब करून घ्यायला हवी. माल भरला की चासी खाली बसते, काडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे कडक केलेत की चासी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब कापतो. १३०० किलो माल, मोहदरी घाटाचा उतार आणि ब्रेक फक्त पुढचे! दहा गाड्यांतल्या नऊ गाड्यांत हे कोणी बघत नाही.

पुढे कॉइल स्प्रिंग असलेल्या व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाडीला ४० मिमीच्या पुढे स्पेसर (स्प्रिंगवर घालायची उंची वाढवणारी चकती) घालू नका. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट मर्यादेबाहेर वाकतो, बूट फाटतो, आत धूळ जाते आणि जॉइंट टकटक करू लागतो. स्पेसरनंतर अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) मोजून घ्या, नुसतं टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बघून सोडतात. मागे उंची वाढल्यावर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो. ६०-७० च्या वेगाला खालून घुमल्यासारखी थरथर आली तर तोच संशय.

द्राक्षताई_दिंडोरी
थरथरीवरून सांगते. चिखलातून आल्यावर ७० ला स्टिअरिंग थरथरू लागलं तर शाफ्टच्या आणि अलाइनमेंटच्या मागे लागण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. तिथे किलोभर काळी माती एका बाजूला वाळून बसलेली असते. प्रेशरने धुवा. निम्म्या गाड्या तिथेच बऱ्या होतात.

आणि माल भरण्याचा हिशोब : टोमॅटोची किंवा द्राक्षाची २० किलोची जाळी, जाळीचं वजन धरून साधारण २२ किलो. १३०० किलोच्या गाडीत साठ जाळ्या झाल्या की हद्द संपली. पिंपळगावच्या मार्केटला जाताना ऐंशी लावलेल्या गाड्या दिसतात. तेव्हा टायर, पाटे, ब्रेक यांचं वर लिहिलेलं सगळं गणित कोलमडतं.

चिखलवाट
अडकल्यावर ट्रॅक्टरने ओढायचं कसं, ते पण कोणी लिहा. आपल्याकडे नव्वद टक्के वेळा तोच येतो.

घाटमाथा_इगतपुरी
ट्रॅक्टर उत्तम, साखळी वाईट. साखळीने झटका मारला की ती ताणत नाही, सगळा जोर एका कडीवर येतो आणि कडी तुटली की गोळीसारखी सुटते. तीन गोष्टी घरात ठेवा : ९ मीटरचा, ८ टनांचा ताणणारा पट्टा, १९ मिमीच्या दोन शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या यू-आकाराच्या कड्या (त्यांवर ४.७५ टन कोरलेलं असतं), आणि एक जाड गोधडी किंवा भरलेलं पोतं.

पट्टा कुठे अडकवायचा हा अर्धा विषय आहे. पुढच्या बंपरखाली जी लहान लोखंडी कडी असते, ती गाडी जहाजावर किंवा ट्रेलरवर बांधायची असते. ओढायला नाही. ट्रेलरचा गोळा तर मुळीच नाही, तो तुटून आलेला माणूस मारतो. चासीला बोल्टने घट्ट बसवलेला, क्षमता कोरलेला हुक असेल तिथेच. पाट्याच्या शॅकलला, एक्सलला, स्टिअरिंगच्या रॉडला नाही.

आधी फावड्याने चारही चाकांभोवतीची आणि हाऊसिंगखालची माती काढा. हाऊसिंग मातीवर बसलं असेल तर ट्रॅक्टरला दुप्पट जोर लागतो. मग ज्या दिशेने गाडी आत आली त्याच दिशेने, म्हणजे बहुतेक वेळा मागे, ओढा. त्या बाजूला चाकोरी तयार असते. पट्ट्याच्या मध्यावर गोधडी टाका, तुटला तर ती त्याला खाली ओढते. बघे लोक पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि ओळीत नाही, बाजूला.

जॅक लावायचा तर खाली दीड फुटाची जाड फळी. काळ्या मातीत बॉटल जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. चाकाखाली गोणपाट, उसाचं पाचट, जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे चालतात. द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या टाकू नका, तिरप्या कापलेल्या टोकांनी टायरची बाजू फुटते आणि तिथे पंक्चर निघत नाही.

बाग_निफाड
फरशीवरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर? हायलक्स ७०० मिमी पाण्यातून जाते म्हणतात.

घाटमाथा_इगतपुरी
७०० मिमी ही कंपनीने दिलेली मर्यादा आहे, ती साचलेल्या पाण्यासाठी धरा. फरशीवरून वाहणारं पाणी गुडघ्याएवढं असेल तर थांबायचं. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, उचलतं आणि फरशीला कठडा नसतो.

साचलेल्या पाण्यात जायचं तर बॉनेट उघडून एअर फिल्टरचं तोंड कुठे आहे ते बघा. मर्यादा तिथून एक वीत खाली. पहिला गियर, चालण्याच्या वेगाने, मधे गियर बदलायचा नाही. स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप) लावलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. मडगार्डच्या आत फिल्टरच्या डब्याशी जो सांधा असतो तोच बहुतेक वेळा सील केलेला नसतो. वरून हवा, खालून पाणी. इंजिन पाण्यात बंद पडलं तर स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हाऊसिंगचा ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जायचं तोंड) विसरू नका. चालून तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरला ८ मिमीचा डिझेलचा पाइप जोडून टेललाइटच्या उंचीवर नेऊन बांधा. या धाग्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल हाच.

हौदा_१५
लाइटचं थोडक्यात. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला सव्वानऊ अँपिअर. १५ चा फ्यूज, ३० अँपिअरचा रिले, २.५ चौरस मिमी वायर. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ लावलात तर मधली सगळी वायर उघडीच राहते आणि घासली की पेटते. रिलेच्या ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ ला अर्थ, ८६ ला हाय बीमची वायर. म्हणजे हाय बीम खाली केला की जादा दिवेही विझतात. कसाऱ्याच्या धुक्यात वर बसवलेले पांढरे दिवे काही कामाचे नाहीत, समोर भिंत उभी राहते. खाली, बंपरच्या पातळीला, पिवळे.

हवा भरायचा कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटला लावू नका, मोठा कॉम्प्रेसर २५-३० अँपिअर ओढतो. थेट बॅटरीला, इंजिन चालू ठेवून.

चिखलवाट
आणि आरटीओ?

हौदा_१५
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : नोंदणीत जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पुढचा लोखंडी बुल-बार तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून बेकायदा ठरवलाय. तसाही तो नकोच, समोरची धडक पचवायला केलेला भाग चुकवून तो धक्का थेट चासीला पोचवतो. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेसच्या वेळी हौद्याची उंची, पाटे, टायर सगळं बघितलं जातं. अपघातात विमा कंपनीही तिथेच बोट ठेवते.

द्राक्षताई_दिंडोरी
कुठे जायचं त्याचंही लिहा. गंगापूर धरणाच्या गाळात उन्हाळ्यात गाड्या घालतात. वर भेगाळलेलं कोरडं दिसतं, खाली फूटभरावर गाळ ओलाच असतो. शिवाय ते शहराच्या पिण्याचं पाणी. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर स्थळही (जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा). तिथल्या काठाने गाडी नेणं म्हणजे पक्ष्यांच्या घरट्यांवरून जाणं. अंजनेरीच्या पठारावर तर चाकोरी पडली की वर्षानुवर्षं तिथे गवत नाही. जुन्या बैलगाडीच्या वाटा आणि गावठाणाचे शिवरस्ते भरपूर आहेत, सरपंचांना किंवा शेतमालकाला विचारून जा.

बाग_निफाड
शेवटचं विचारतो. गाडी गेल्या पावसात पाण्यातून गेली होती. हाऊसिंगचं तेल बदलायचं की नाही हे न खोलता कळतं का?

पाटेवाला_सिन्नर
कळतं. गाडी रात्रभर उभी ठेवा, पाणी खाली बसतं. सकाळी आधी वरचा, तेल भरायचा नट काढून बघा, तो उघडत नसेल तर खालचा उघडायचाच नाही. मग खालचा नट दोन आटे ढिला करून पहिलं चमचाभर तेल वाटीत घ्या. आधी पाणी ठिबकलं, किंवा तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर सगळं बदला. लोहचुंबकाच्या नटावर राखाडी लेप असेल तर नॉर्मल, चमकणारे तुकडे असतील तर क्राऊन-पिनियन (हाऊसिंगमधले दाते) खोलून घ्या. तेलाचा ग्रेड आणि लिटर मॅन्युअलमध्ये आहे, भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. आणि त्याच दिवशी तो ब्रीदरचा पाइप लावून टाका, भाऊ, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा वाटी घेऊन बसाल.